दुसऱ्याच्या नावे लिहिताना

या लेखाचा विषय पाहून काही माउलींना वाटेल, हा विषय आपल्या मासिकात कसा आला? विषय आहे जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचा. पैसे दुसऱ्याने द्यायचे, त्याच्या दुकानाचे, मालाचे, घरांचे गुणवर्णन आपण लिहायचे, आणि ते छापले जायचे त्याच्या नावाने, असा हा धंदा आहे. पूर्वी तो मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत चालायचा. आता मोबाइलमुळे तो आमच्या वाशिंदपर्यंत आला आहे. स्टेशनच्या आसपास भाताची खाचरे होती तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि इमारत आली की तिच्यामागून फलक, पत्रके आणि व्हॉट्सॲपवरचे मजकूर येतातच. ते कोणीतरी लिहावे लागतात.

आमच्या आळीतला एक तरुण हे काम करतो. घरी तुळशीची माळ आहे, मुलगा टाळ चांगला वाजवतो. एका एकादशीला भजन संपल्यावर त्याने मला विचारले, "बुवा, सकाळी सराफाचं लिहायचं, दुपारी बिल्डरचं, संध्याकाळी तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्याचं. प्रत्येकाचा आवाज वेगळा. तो नेमका सापडावा कसा? आणि सगळ्यांचे आवाज काढता काढता माझा आवाज राहतो कुठे?"

प्रश्न ऐकून मला बरे वाटले, कारण तो आपल्या घरचाच प्रश्न आहे. वारकरी संप्रदायाचे वाङ्मय ज्यांच्या हातून आपल्यापर्यंत आले, त्यांतले कितीतरी जण दुसऱ्यासाठीच लिहीत होते. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये सांगितली गेली. सांगणारे ज्ञानोबाराय, आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ग्रंथाच्या अखेरीस त्यांचा उल्लेख लेखक म्हणून आदराने आला आहे. इथे लेखक म्हणजे ग्रंथ रचणारा नव्हे, लिहून घेणारा. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, गंगाराम मवाळ होते. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात तर कोणत्या संताचे बोल कोणी लिहिले याची यादीच दिली आहे. ज्ञानोबारायांचे सच्चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावतोबांचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभट्टांनी. आणि शेवटी जनीचे? जनीचे स्वतः पांडुरंगाने.

या शेवटच्या नावापाशी थोडे थांबा. ज्याच्यापुढे वेद मौन झाले असे आपण म्हणतो, तो देव एका दासीचा लेखनिक होऊन बसला. तिने सांगितले दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे. देवाला काय संस्कृतप्रचुर भाषा येत नव्हती? त्याने 'दळण' खोडून काही भारदस्त शब्द घातला असता तर त्याला कोण अडवणार होते? पण जनाबाईंचे अभंग आज आपण म्हणतो तेव्हा जात्याची घरघर त्यात जशीच्या तशी आहे. लिहिणारा केवढाही मोठा असो, बोलणारी जनी आहे हे तो विसरला नाही. दुसऱ्याचा आवाज सापडण्याचा पहिला मार्ग हाच, की लिहिण्याआधी पुरते ऐकावे. आपल्याला येणारा चांगला शब्द हाताशी असूनही, तो त्या माणसाचा नसेल तर खाली ठेवावा.

चोखोबांच्या बाबतीत हे आणखी अवघड होते. अनंतभट्ट ब्राह्मण, चोखोबा गावकुसाबाहेरचे. देवाच्या दाराशी येऊन बाहेर उभे राहावे लागण्याचे जे दुःख आणि जो जाब चोखोबांच्या अभंगांत आहे, तो लिहून घेताना लिहिणाऱ्याला आपल्याच समाजाविरुद्धची साक्ष लिहावी लागत होती. ती सौम्य करण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण चोखोबांच्या अभंगांत ती धार आजही आहे. तुम्ही कधी शेजारच्या निरक्षर बाईचा अर्ज तहसील कचेरीसाठी लिहून दिला असेल, तर स्वतःला विचारा. पाड्यावरची बाई सांगते, "आम्हाला पाणी नाही, आमच्या वाटचं पाणी द्या." आणि आपण लिहितो, "मेहेरबान साहेबांनी गरिबावर दया करून..." अर्ज नीटनेटका होतो, पण ती हक्क मागायला आली होती आणि आपण तिला भीक मागायला लावले. तिच्या अंगठ्याच्या ठशावर आपला आवाज चढला. शुद्ध भाषेत लिहिले म्हणून हा दोष कमी होत नाही.

आता दुसरी गोष्ट. आवाज म्हणजे नुसते शब्द नव्हेत. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला कागद घेतला आणि ते मायन्यापाशीच अडले. वयाने पाहावे तर समोरचा लहान, तेव्हा आशीर्वाद लिहावा. ज्ञानाने पाहावे तर थोर, तेव्हा नमस्कार लिहावा. काहीच ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षांचे योगी, शब्दांची काय वाण होती? पण आपण कोण, समोरचा कोण, आणि दोघांचे नाते काय, हे ठरेना, म्हणून एक अक्षर उमटले नाही. त्या कोऱ्या कागदाला निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. ही 'चांगदेव पासष्टी' वाचताना लक्षात येते की त्यांनी वयाचा आणि मानाचा प्रश्नच बाजूला ठेवला आणि दोघांत एकच वस्तू आहे तिथून बोलायला आरंभ केला. नाते सापडले आणि बोलणे मोकळे झाले.

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, "तांदूळवाल्याचा आवाज शोधायचा तर आधी त्याचा मायना शोध. तो कोणाशी बोलतोय? ओटीवर बसून पायलीने तांदूळ मोजून देताना तो समोरच्या बाईला काय म्हणतो? 'ताई, हा नवा आहे, पाणी बेताचं घाल', असंच म्हणत असेल ना? मग फलकावर 'राजेशाही सुगंधाचा अविस्मरणीय अनुभव' कुठून आला? तो त्याच्या घरात कोणी कधी बोललंय का?"

मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर पत्र लिहून देणारे बसत. गिरणीत राबणारा, अक्षरओळख नसलेला माणूस त्यांच्यापुढे उकिडवा बसून सांगे आणि ते गावी आईला पत्र लिहीत, मनिऑर्डरीचा कागद भरून देत. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, हा साचा ठरलेला. साचा वाईट नव्हता, त्याने मर्यादा राखली जाई. पण पत्र गावी कोणीतरी वाचून दाखवल्यावर आईला 'हा माझाच बोलतोय' असे वाटायचे, तर त्या साच्यात तिच्या लेकाचा एखादा तरी शब्द जसाच्या तसा यावा लागे. गाय व्याली का, ओसरीची कौलं परतली का, असे काहीतरी. पैसे घेऊन लिहिणारा माणूस हे करू शकतो. पैसे घेतले म्हणून शब्द खोटे होतात असे नाही.

इथे कोणी म्हणेल, तुकोबारायांनी तर कीर्तनाचे मोल घेऊ नये, जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही सेवू नये असे बजावले आहे. खरे आहे. पण ती मर्यादा हरिकथेची. हरिकथा विकायची नसते. बाकी सावतोबांनी मळा केला, गोरोबांनी मडकी घडवली, संताजींनी घाणा चालवला, तुकोबारायांच्या घरी वाण्याचे दुकान होते. मजकूर लिहिणे हाही तसाच एक घाणा आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र घाण्याला जो नियम तोच त्यालाही लागतो. तेल भेसळीचे नसावे आणि माप पुरे असावे.

तिसरी गोष्ट नाथमहाराजांची. दुसऱ्याचा आवाज धरण्यात त्यांच्या तोडीचा कोण आहे? भारूड पाहा. कधी वासुदेव होऊन बोलतात, कधी जोशी, कधी गोंधळी, कधी जोहार घालणारा महार, कधी सासुरवाशीण. प्रत्येकाची बोली निराळी, लकब निराळी. हे आवाज पैठणच्या वाड्यात बसून सापडले नसते. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे पोर कडेवर घेणारा, पंक्तिभेद मोडून ज्याच्या त्याच्या घरी जाणारा माणूस होता म्हणून ते सापडले. ज्याच्या घरचे पाणी आपण प्यालो नाही त्याची बोली काढायला गेलो तर ती नक्कल होते, आणि नक्कल ऐकून लोक त्या माणसाला हसतात. नाथांचे भारूड ऐकून लोक हसतात ते स्वतःला.

पण आणखी एक पाहा. एवढी सोंगे घेऊन शेवटच्या चरणात मुद्रा येते ती नाथांची, गुरूच्या नावासह. सोंग घेतले हे लपवलेले नाही. आणि याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, तेव्हा त्या ग्रंथात आपली एक ओवी घातली नाही. उलट सांगून ठेवले की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. रचायला बसले तर हजारो ओव्या लिहिणारा हा पुरुष, पण दुसऱ्याच्या ग्रंथात हात घातला तेव्हा त्याने आपला आवाज पूर्ण मागे घेतला. कुठे सोंग घ्यावे आणि कुठे नाहीसे व्हावे, हे त्यांना ठाऊक होते.

मुद्रेचा विषय निघालाच आहे तर सालोमालोंची आठवण होते. गाथ्यात त्यांच्यावर अभंग आहेत. तुकोबारायांचे बोल घ्यायचे आणि शेवटी आपले नाव घालून म्हणायचे, अशी त्यांची रीत होती, असे परंपरा सांगते. माझ्या तरुण मित्राची शंका अशी, की "ते चोर ठरले, कारण दुसऱ्याच्या शब्दांवर त्यांनी आपली मुद्रा ठोकली. मी तर उलटं करतो. शब्द माझे, मुद्रा गिऱ्हाइकाची. मग मीही त्याच पंक्तीतला का?"

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगतो. मुद्रा ही नुसती सही नाही, ती हमी आहे. 'तुका म्हणे' म्हणजे या बोलण्याला मी उभा आहे, मला जाब विचारा. सालोमालोंनी ज्या बोलण्यामागे त्यांचे जगणे नव्हते त्याची हमी घेतली, म्हणून ते खोटे. तुकोबारायांचेच पाहा. नामदेवरायांनी स्वप्नात पांडुरंगासह येऊन आपल्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातले उरलेले पुरे करायला सांगितले. म्हणजे काम दुसऱ्याचे होते. तरी तुकोबांनी 'नामा म्हणे' असे लिहिले नाही. काम नामदेवांचे, पण हमी आपली, म्हणून मुद्रा आपली. हाच न्याय दुकानदाराला लावा. शब्द तू जुळवलेस, पण तांदूळ त्याचा आहे, गुणाची हमी त्याने द्यायची आहे, तेव्हा नाव त्याचे येणे रास्तच आहे. अट एकच, त्याला ती हमी खरोखर देता आली पाहिजे.

म्हणून मी त्याला एक कसोटी सांगितली. लिहून झाले की कागद गिऱ्हाइकाच्या हाती देऊन 'कसं वाटतं' म्हणून विचारू नकोस, ते तर 'छान' म्हणतात. त्याला ते मोठ्याने वाचायला लाव. त्याच्या आईसमोर, बायकोसमोर किंवा जुन्या गिऱ्हाइकासमोर वाचायला लाव. जिथे त्याची जीभ अडखळेल, जिथे तो लाजून हसेल, तिथे खूण कर. त्या जागी एकतर शब्द त्याचा नाही, नाहीतर गोष्ट खरी नाही. आयुष्यभर फडावर उभे राहून मला एवढे कळले आहे, की जीभ या दोन्ही ठिकाणी सारखीच अडखळते. आवाजातला खोटेपणा आणि मजकुरातला खोटेपणा हे निराळे दोष आपण मानतो, पण उच्चारताना ते एकाच जागी सापडतात.

ही कसोटी लगेच उपयोगी पडली. एका इमारतीच्या पत्रकाचे काम त्याच्याकडे आले. मालकाने सांगितले, "चोवीस तास पाणी, हे मोठ्या अक्षरात घाल." मुलगा इथलाच, त्याला सगळे माहीत. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, भातसाचेही जाते, आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. त्या इमारतीला उन्हाळ्यात कूपनलिकेचे पाणी किती वेळ पुरते, हे शेजारपाजारच्यांना ठाऊक होते. तो म्हणाला, "बुवा, खोटं तर त्यांचं आहे. मी फक्त हात. लेखनिकाला पाप लागतं का?"

प्रश्न सोपा नाही. त्याच्या घरी म्हातारे आईवडील, कर्जाचा हप्ता. 'काम सोडून दे' असे माळ घातलेल्या म्हाताऱ्याने सांगणे सोपे असते, ज्याला हप्ता नाही. मी तसे सांगितले नाही. पण 'मी फक्त हात' हे मात्र मान्य केले नाही. कारण लिहिणाऱ्याने शब्द गोड केले नसते तर ते खोटे इतके दूर गेले नसते. मालकाचे खोटे त्याच्या तोंडी लंगडे होते, तू त्याला पाय दिलेस. संताजी घाण्यावर बसत होते आणि लेखनिकही होते. ज्या हाताने तुकोबांचे शब्द लिहायचे त्याच हाताने तेलाचे माप. हात एकच असतो, सज्जनहो. तो सकाळी खोटा आणि रात्री खरा, असे होत नाही.

आणि या व्यवहारात तिसरा एक माणूस आहे, त्याला आपण विसरतो. देणारा मालक, लिहिणारा तू, आणि वाचणारा कोण? डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहणारे एखादे तरुण जोडपे. बायकोचे दागिने मोडून, वीस वर्षांचे कर्ज काढून ते येणार. वैशाखात त्या पोरीच्या हाती बादली येईल तेव्हा तिला तुझे अक्षर आठवेल, तुझे नाव तिला माहीत नसले तरी. कीर्तनात आपण श्रोत्याला जनार्दन मानतो, कीर्तन संपल्यावर एकमेकांच्या पाया पडतो. वाचणारा हाही श्रोताच आहे. आवाज गिऱ्हाइकाचा घे, पण विश्वास वाचणाऱ्याचा आहे, तो गिऱ्हाइकाच्या पैशात येत नाही.

मग मी त्याला खरे काय आहे ते शोधायला लावले. खोटे काढून टाकले की मजकूर ओका दिसेल अशी त्याला भीती होती. पण खरे सांगण्यासारखे पुष्कळ निघाले. स्टेशन किती मिनिटांवर, तेही पायी चालून मोजलेले. भातसेकडून येणारा वारा. पावसात समोर दिसणारी हिरवी खाचरे. कल्याण-डोंबिवलीच्या मानाने किंमत. आणि पाण्याबद्दल जे आहे ते: टाकी किती लिटरची, कूपनलिका किती, उन्हाळ्यात किती वेळ पाणी सुटते. त्याने ते सारे लिहून मालकासमोर ठेवले आणि वाचायला लावले. मालकाने बाकीचे ठेवायला होकार दिला, पाण्याचे चालेना. 'चोवीस तास' याच शब्दांवर तो अडून बसला आणि शेवटी ते काम त्याने दुसऱ्याला दिले. महिन्याचा पैसा गेला. मुलाच्या घरी त्या महिन्यात थोडी ओढाताण झाली, हे मी पाहिले आहे. सत्याने लगेच बरकत येते असे सांगणारी गोष्ट माझ्याजवळ नाही. तांदूळवाल्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले, आणि तो फलक वाचला की तो शेतकरीच समोर बोलतो आहे असे वाटते.

आता राहिला त्याचा शेवटचा प्रश्न. इतक्यांचे आवाज काढताना माझा आवाज कुठे राहतो?

वारकरी कीर्तन डोळ्यांसमोर आणा. कीर्तनकार बोलतो, टाळकरी चाल धरतात, मृदंग बोलतो. मागे विणेकरी उभा असतो. तो निरूपण करत नाही, प्रमाण म्हणत नाही, त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. पण सगळ्यांचा सूर त्या विण्याशी जुळलेला असतो, आणि वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. कीर्तनकार तरी स्वतःचे काय बोलतो? पदरचे बोलू नये अशीच आपली शिस्त. आज ज्ञानोबारायांच्या ओवीवर, उद्या तुकोबारायांच्या अभंगावर, परवा जनाबाईंच्या. जन्मभर दुसऱ्यांचेच शब्द. तरी दोन कीर्तनकार एकच अभंग घेऊन उभे राहिले तर फरक कळतो. तो फरक विण्याशी कोण किती जुळला आहे याचा असतो. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याचा आवाज असाच असतो. काय लिहायला नकार दिला, कोणता गोड शब्द आला असता तरी ठेवला नाही, वाचणाऱ्याला फसू दिले नाही, यांत तो असतो. त्याच्यावर नाव नसते.

माउली, तुम्ही जाहिराती लिहीत नसाल. पण कोणाची लग्नपत्रिका लिहाल, कोणाच्या श्राद्धाचे चार शब्द, दिंडीचा फलक, सरपंचाचे भाषण, ग्रामसभेचा ठराव. तेव्हा एवढे करा. ज्याच्या नावे लिहायचे त्याच्याजवळ थोडे बसा. त्याला त्याचेच बोल परत द्या, फक्त धूळ झटकून. त्याला ते मोठ्याने वाचायला लावा. आणि कागद हातावेगळा करण्याआधी, जो वाचणार आहे त्याच्या जागी पांडुरंग बसला आहे असे समजून एकदा स्वतः वाचा.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल । श्री ज्ञानदेव तुकाराम ॥